काच, दात आणि चोपन्न पायऱ्या: दुर्बीण आणि माउंट निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दादाचं इंदूरला राजवाड्याजवळ चष्म्याचं दुकान आहे आणि मी पीथमपूरला गिअर कापणाऱ्या कारखान्यात आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांत या दोन धंद्यांचे हात गुंतले आहेत. आकाशाचे फोटो काढायला दुर्बीण घ्यायची ठरलं तेव्हा दादाला फक्त काच दिसत होती आणि मला फक्त दात. जिना दोघांनाही दिसला नाही. तो वहिनींना दिसला, पण आम्ही ते हसण्यावारी नेलं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, पन्नाशीच्या जरा अलीकडचा. नाव-पत्ता देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

सुरुवात धूमकेतूने झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये त्सुचिनशान-ॲटलस संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. आम्ही जानापावच्या वाटेवर गाडी थांबवली आणि दादाने पुतणीच्या लग्नासाठी घेतलेला कॅमेरा साध्या ट्रायपॉडवर लावून चार-चार सेकंदांचे फोटो काढले. शेपटी चांगली आली. परत येताना तो म्हणाला, "चार सेकंदांत एवढं, तर चार मिनिटांत काय येईल?" उत्तर मला माहीत होतं: रेघा. पृथ्वी फिरते, तारे सरकतात. चार मिनिटं हवी असतील तर कॅमेऱ्याखाली ताऱ्यांच्या वेगाने उलटं फिरणारं काहीतरी हवं.

त्या काहीतरीला माउंट म्हणतात. दादाला तो समजावताना मला उज्जैनची वेधशाळा उपयोगी पडली. लहानपणी शाळेच्या सहलीत सवाई जयसिंगाचं सम्राट यंत्र आम्ही दोघांनीही पाहिलेलं. त्याची तिरपी भिंत जमिनीशी साधारण २३ अंशांचा कोन करते, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाएवढा, आणि म्हणून ती पृथ्वीच्या आसाला समांतर असते. विषुववृत्तीय माउंटचा मुख्य अक्ष म्हणजे तीच भिंत, फक्त बेअरिंगवर बसवलेली. इंदूरला तो २२.७ अंशांवर ठेवायचा आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा होईल अशा गतीने फिरवायचा. दादाला हे लगेच पटलं. पण त्याचं मन त्यात रमलं मात्र नाही.

अडचण

त्याचं मन काचेत होतं. दुकानात पॉलीकार्बोनेटचा चष्मा नेलेलं एखादं गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येतं आणि म्हणतं, कडेने बघितलं की ट्यूबलाइटला निळी-पिवळी किनार दिसते. दादा त्याला साध्या सीआर-३९च्या काचा घालून देतो आणि किनार जाते. पॉलीकार्बोनेटचा ॲबे आकडा ३०, सीआर-३९चा ५८. आकडा जितका मोठा तितके रंग कमी फाकतात. हे त्याचं रोजचं अंकगणित. अशा माणसाने दुर्बिणींच्या माहितीत एफपीएल-५३ ही काच आणि तिच्यापुढे ९५ हा आकडा वाचला, मग काय होणार! साधी क्राउन काच ६४ची, एफपीएल-५१ सुमारे ८२ची आणि ही ९५ची. त्या रात्री त्याने मला साडेअकराला फोन केला.

आरशाची दुर्बीण त्याने पहिल्या दिवशीच बाद केली. कारण धंद्यातलं होतं: "आरसा जुळवत बसायला मला वेळ नाही, दुकान नऊला बंद होतं." स्वस्तातली साधी दोन काचांची दुर्बीणही बाद झाली, कारण तिच्यात निळ्या ताऱ्यांभोवती जांभळं कडं येतं आणि दादाला ते दिसलं की तो दुसरं काही बघूच शकत नाही.

बजेट सव्वादोन लाख. कॅमेरा आहे तोच राहणार: २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा सेन्सर, पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. फोटो मुख्यतः घराच्या गच्चीवरून काढायचे, म्हणजे लोकमान्य नगरच्या बाजूने, शहराच्या उजेडात. अधूनमधून मांडूच्या अंधारात. आणि रोज दुकान असल्यामुळे उभारणी पटकन झाली पाहिजे.

यातली शेवटची अट आम्ही कागदावर लिहिली आणि विसरलो.

समोरचे पर्याय

दादाने पहिल्यांदा जे कोटेशन आणलं ते १०२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाच्या, एफ/७च्या (म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या सातपट) दुर्बिणीचं होतं. फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, ७१४ मिलिमीटर. माउंट त्याच विक्रेत्याने सुचवलेला, मध्यमातल्या धाकट्या वर्गातला. "दहा किलो उचलतो" असं विक्रेत्याने सांगितलं होतं आणि नळी, कॅमेरा, गायडिंगचं (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहण्याचं) सामान मिळून सहा किलोंच्या आत बसत होतं. कागदावर सगळं ठीक.

इथे मी आडवा आलो. उचलतो म्हणजे काय? आमच्याकडे क्रेन पाच टन उचलते म्हणून कुणी पाच टनांचा जॉब तिच्यावर टांगून मायक्रॉनमध्ये मोजत नाही. डोळ्याने बघायला दहा किलो ठीक, फोटोसाठी त्यातले पाच-सहाच धरायचे, हा बहुतेक अनुभवी लोकांचा अंदाज. शिवाय लांब नळी म्हणजे लांब तरफ. गच्चीवरच्या वाऱ्याची एक झुळूक पुरते.

मग मी दादाच्या दुकानातल्या पावतीपुस्तकामागे हिशोब मांडला. माउंटच्या आत एक वर्म (स्क्रूसारखा दांडा) आणि त्याने फिरणारं दातांचं चाक, वर्म-व्हील, असतं. एचईक्यू५ नावाच्या माउंटमध्ये व्हीलला १३५ दात आहेत, म्हणजे वर्मचा एक फेरा ६३८ सेकंदांचा, साडेदहा मिनिटांहून थोडा जास्त. वर्म कितीही चांगलं घासलेलं असो, त्या एका फेऱ्यात तारा थोडा पुढे आणि थोडा मागे डुलतो. समजा हे डुलणं एकूण ३० विकलांचं आहे. (अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला. आपल्या ज्योतिषगणितातले हे शब्द इथे अगदी चपखल बसतात.) मग सगळ्यात वाईट मिनिटात तारा ९ विकला सरकणार.

आता कॅमेरा. पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले २०६, भागिले फोकल लेंथ: ७१४ मिलिमीटरला एका पिक्सेलमध्ये १.०७ विकला येतात आणि ३६० मिलिमीटरला (ही दुसरी, छोटी दुर्बीण, ती पुढे येतेच) २.१. म्हणजे तेच नऊ विकलांचं डुलणं मोठ्या दुर्बिणीत आठ पिक्सेलची रेघ काढणार आणि छोट्या दुर्बिणीत चारची. माउंट तोच, चूक तीच, पण छोटी दुर्बीण ती निम्म्यावर आणते. गायडिंग केलं की दोन्ही रेघा आटोक्यात येतात, पण किती चूक चालेल याचा फरक राहतोच.

दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे नंबर जास्त असला की फ्रेम हलली तरी चालत नाही." अगदी तेच. उणे आठचा चष्मा दोन मिलिमीटर सरकला की माणूस तक्रार घेऊन येतो. उणे एकवाल्याला पत्ताच लागत नाही.

दुसरा पर्याय ६१ मिलिमीटरची, एफ/५.९ची दोन काचांची दुर्बीण. फोकल लेंथ ३६०, काच त्याला हवी ती. तिच्याखाली काय घ्यायचं याच्या तीन वाटा होत्या: पाच किलो क्षमतेचा छोटा, दोन्ही अक्षांवर मोटर असलेला ट्रॅकर (हलका माउंटच), एचईक्यू५, किंवा नव्या हार्मोनिक प्रकारातला माउंट, ज्याचं डोकं पाचएक किलोचं आणि काउंटरवेटची, म्हणजे तोल साधायच्या वजनांची, गरज जवळजवळ नाही. हार्मोनिकने एकट्यानेच सगळं बजेट गिळलं असतं, तो गेला.

८० मिलिमीटरची तीन काचांची दुर्बीण हाही एक पर्याय होता. चांगला होता. त्यावर आम्ही फार बोललोच नाही, हे आज खटकतं.

निर्णय

पहिली गाठ सुटली ती यादीने. मी दादाला म्हटलं, तुला कशाकशाचे फोटो हवेत ते लिही. त्याने आठ नावं लिहिली: देवयानी दीर्घिका, मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, रोझेट, उत्तर अमेरिका तेजोमेघ, धनूतला लगून, एम५१ ही भोवऱ्यासारखी दीर्घिका आणि स्वरमंडलातला कडीसारखा तेजोमेघ. पहिल्या सहा गोष्टी अवाढव्य आहेत. देवयानी जवळजवळ तीन अंश लांब, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने. १०२च्या दुर्बिणीत त्याच्या कॅमेऱ्याला १.८ बाय १.२ अंश आकाश दिसलं असतं. देवयानी त्यात पूर्ण मावलीच नसती. ६१मध्ये ३.५ बाय २.४ अंश मावतं. उलट ती कडी ६१मध्ये चाळीसएक पिक्सेलची, तांदळाच्या दाण्याएवढी. आठांतली सहा छोट्या दुर्बिणीची निघाली. दादाने शेवटची दोन नावं स्वतःच खोडली, पण एम५१ खोडताना पेन जरा रेंगाळलं.

काचेबद्दल त्याने एक गोष्ट मला शिकवली. मी विचारलं, ५३ आहे की ५१ एवढं बघितलं की झालं ना? तो म्हणाला, "अरे, स्थळ बघताना मुलगा एकटा बघतोस का? दोन काचांची जोडी असते. एक कितीही चांगली असली तरी जोडीदार कोण आहे त्यावर रंग जुळतात." त्याने दोन्ही काचांची नावं उघडपणे सांगणारी दुर्बीणच निवडली आणि जिथे एकाच काचेचा गाजावाजा होता ती सोडून दिली. मला हा निर्णय आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

माउंटचा निर्णय मी घेतला. म्हणजे दादाने घेतला, पण माझ्या आग्रहाने. सगळं सामान मिळून तीन किलोंच्या आत होतं. पाच किलोंचा ट्रॅकर माझ्याच निम्म्याच्या नियमाने थोडा कमी पडत होता, पण अशक्य नव्हता. तरी मी एचईक्यू५ लावून धरला. १३५ दातांचं व्हील, जाड शाफ्ट, पुढे दुर्बीण मोठी झाली तरी पुरेल. बजेटचा निम्म्याहून अधिक भाग त्यात गेला.

ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात बसून वजनं मांडत होतो. माउंटचं डोकं दहा किलो, पाच-पाचची दोन वजनं, ट्रायपॉड सहाच्या आसपास, शिवाय बॅटरी, लॅपटॉप, दुर्बिणीची बॅग. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मागे न बघता विचारलं, "भावजी, हे तिसऱ्या मजल्याच्या वर रोज कोण नेणार?"

दादा म्हणाला, "मी."

"मागच्या महिन्यात शरबती गव्हाची दहा किलोची थैली पहिल्या मजल्यावर आणताना मध्ये दोनदा टेकवली होती."

आम्ही हसलो. हसलो नसतो तर हे प्रकरण लिहायला काही उरलंच नसतं.

प्रत्यक्षात काय झालं

सामान दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर आलं. गच्चीपर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. पहिल्या आठवड्यात दादाने तीन फेऱ्यांत सामान वर नेलं, तीन फेऱ्यांत खाली आणलं, आणि पाचव्या दिवशी कंबर धरून बसला. दुकान नऊला बंद, जेवण, वर नेणं, उभारणी. पहिला फोटो निघेपर्यंत सव्वाअकरा वाजत. त्यात दुसऱ्याच रात्री एक प्रकार घडला. घाईत त्याने वजनं चढवायच्या आधी दुर्बीण बसवली आणि अक्ष धरून ठेवणारा क्लच सोडला. नळी एका बाजूला गरकन फिरली आणि पुढचं टोपण ट्रायपॉडच्या पायावर आदळलं. काच वाचली, टोपणाला पोचा आला. वजनं आधी, नळी नंतर. उतरवताना नळी आधी, वजनं नंतर. हे त्याने खडूने भिंतीवर लिहिलं, ते अजून तिथे आहे.

जिन्याचा प्रश्न वहिनींनी सोडवला. गच्चीवर जिन्याच्या खोलीत एक जुना कूलर आणि पापड वाळवायच्या दोन बाजा होत्या. कूलर भंगारात गेला, बाजा शेजारी गेल्या, आणि तिथे लाकडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह माउंट राहू लागला. आता रोज वर न्यायची फक्त दुर्बीण आणि लॅपटॉप. उभारणी वीस मिनिटांवर आली.

पुढची अडचण ध्रुवाची. इंदूरला ध्रुवतारा २२.७ अंशांवर, म्हणजे बराच खाली. आमच्या उत्तरेला सहा मीटरवर शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी आहे. शाळेतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन मी मोजलं: टाकीचा माथा आमच्या डोळ्यापेक्षा अडीच मीटर वर, म्हणजे साडेबावीस अंशांच्या आगेमागे. ध्रुवतारा बरोबर टाकीच्या कडेला टेकलेला. गुडघ्यावर बसून माउंटच्या ध्रुवदर्शीतून बघायचं तर टाकीच्या मागेच. ट्रायपॉड चार फूट पश्चिमेला नेला की ध्रुव दिसायचा, पण मग जिन्याची खोली पूर्वेला आडवी येऊन ३५ अंशांपर्यंतचं आकाश झाकायची. मृगासारखी विषुववृत्ताजवळची गोष्ट ३५ अंश चढायला अडीच तास घेते. रात्री अकराला सुरुवात करणाऱ्याला अडीच तास कसे परवडतील?

दादा शेजाऱ्यांशी टाकीबद्दल बोलायला निघाला होता. मी थांबवलं. नीना नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तीन फोटोंवरून ध्रुवाची दिशा काढायची सोय आहे: माउंट अक्षाभोवती थोडा-थोडा फिरवून आकाशात कुठेही तीन फोटो घ्यायचे, सॉफ्टवेअर ताऱ्यांचे नकाशे जुळवून अक्ष किती चुकलाय ते सांगतं, आपण बोल्ट फिरवून ती चूक कमी करत न्यायची. ध्रुवतारा दिसायची गरजच नाही. टाकी आणि शेजारधर्म दोन्ही टिकले.

तरी रोज तेच करायला नको म्हणून वहिनींनी ट्रायपॉडच्या तीन पायांखाली गेरूचे तीन टिपके काढले, एक पाय नेमका उत्तरेला. आपल्या अक्षांशावर अक्ष आडवा असल्यामुळे भार उत्तरेकडे झुकतो, म्हणून तो पाय तिकडेच हवा. टिपक्यांवर पाय ठेवले की ध्रुवजुळणी पाच मिनिटांत व्हायची.

आता माझी चूक. गायडिंगमध्ये दुसऱ्या अक्षावर तारा उलट दिशेला वळवताना माउंट दोन-तीन सेकंद काहीच करत नसे. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट. गिअरमधल्या माणसाला तो दिसल्यावर हात शिवशिवतातच. मी ॲलन-की घेऊन वर्म व्हीलला जवळ आणलं. मीच आणलं, दादा नको म्हणत होता. डिसेंबरभर झकास चाललं. जानेवारीतल्या एका थंड पहाटे तीन वाजता मोटर कण्हली आणि अडकली. धातू थोडा आकसतो, ग्रीस घट्ट होतं. मी जागाच ठेवली नव्हती. ती सगळी रात्र वाया गेली. कारखान्यात मी पोरांना रोज सांगतो की गार आणि गरम दोन्हीत तपासल्याशिवाय क्लिअरन्स ठरवू नका. नंतर थोडी ढील दिली, आणि उरलेल्या बॅकलॅशवर सोपा उपाय केला: पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या अक्षाची दुरुस्ती एकाच दिशेने करायची, आणि मुख्य अक्षावर तोल किंचित पूर्वेला जड ठेवायचा, म्हणजे दात नेहमी एकाच बाजूला टेकलेले राहतात. पाना न लावता जे जमलं असतं ते मी पाना लावून बिघडवलं होतं.

दादाचीही एक चूक होती, आणि ती काचेतली. दोन काचांच्या दुर्बिणीचं चित्र सपाट पडत नाही, किंचित वाटीसारखं पडतं. सेन्सर मात्र सपाट. मधले तारे टिपक्यांसारखे आणि कोपऱ्यांतले तिळासारखे लांबट. त्यासाठी फ्लॅटनर लागतो, आणि बजेटच्या कागदावर तो नव्हताच. "हे मला कळायला हवं होतं," दादा चारदा म्हणाला. डिसेंबरचे सगळे फोटो कडेने कापावे लागले. जानेवारीत फ्लॅटनर आला. त्याच्यापासून सेन्सर ५५ मिलिमीटरवर हवा. कॅमेऱ्याच्या आतली ४४ आणि कॅमेरा जोडणाऱ्या टी-रिंगची ११ मिळून ते जुळतात, पण प्रत्यक्षात कोपरे अजून जरासे ओढलेले येत होते. दादाने दुकानातल्या नायलॉन शीटमधून अर्ध्या मिलिमीटरचे वायसर कापले आणि एकेक घालून बघत गेला. दुसऱ्या वायसरला कोपऱ्यातले तारे गोल झाले. ते वायसर कापताना त्याचा चेहरा सगळ्या हिवाळ्यात सर्वांत आनंदी होता.

निकाल

गच्चीवरचे फोटो आम्हाला वाटलं होतं त्याहून चांगले आले. मृगातला तेजोमेघ चार तासांचा, कृत्तिका पाचचा. काचेबद्दल दादा बरोबर होता: कृत्तिकांच्या निळ्या ताऱ्यांना जांभळी किनार नाही. गायडिंगची चूक एका विकलेच्या आसपास राहिली, म्हणजे पिक्सेलच्या निम्म्यावर. सुरुवातीला दहातले चार फोटो टाकून द्यावे लागत. फेब्रुवारीत दहातला एखादाच.

पण वहीत नोंदी वाचताना एक गोष्ट मला टोचली. शहराच्या उजेडात ४५ सेकंदांच्या वर एक्स्पोजर नेलं की आकाशच पिवळसर पांढरं होऊन जातं. गच्चीवर आम्ही कधी मिनिटाच्या पुढे गेलोच नाही. ४५-४५ सेकंदांचे शेकडो फोटो काढून सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. ४५ सेकंदांना गायडिंग असलेला छोटा ट्रॅकरही पुरला असता. जाड शाफ्टचा खरा उपयोग लांब एक्स्पोजरला, आणि ते शक्य होतं मांडूला. आणि मांडूला न्यायचं म्हणजे तीसेक किलो सामान चोपन्न पायऱ्या खाली, शंभरेक किलोमीटर गाडीने, आणि पहाटे परत चोपन्न पायऱ्या वर.

आम्ही दोनदाच गेलो. एकदा मार्गशीर्षातल्या अमावास्येला आणि एकदा महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा तीन-तीन मिनिटांचे फोटो घेतले आणि मृगाच्या तेजोमेघाभोवती जी धूळ गच्चीवरच्या चार तासांत दिसली नव्हती ती तिथे पाऊण तासात आली. दादा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत नुसता उभा राहिला. मग काचेवर दव बसलं आणि आम्ही वहिनींच्या शालीने नळी गुंडाळत राहिलो. रोझेट मात्र फिकाच आला. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराच कापतो. दादाला तो फिल्टर स्वतः काढायचा मोह झाला होता. लग्नाचे फोटो वहिनींनी आठवून दिले.

मार्च-एप्रिलमध्ये दोन अमावास्या आल्या आणि दोन्हीला आकाश निरभ्र होतं. दोन्हीला दादा म्हणाला, "उतरवायचं जिवावर येतंय रे."

पुन्हा करायचं झालं तर

दुर्बीण तीच घेईन. यादी आधी आणि फोकल लेंथ नंतर हा क्रम बरोबर होता. फ्लॅटनर मात्र दुर्बिणीच्याच किमतीत धरायचा, वेगळा नव्हे.

माउंटबद्दल दादा आणि मी आजही वेगवेगळं बोलतो. तो म्हणतो, गच्चीवर वारा सुटतो तेव्हा जड माउंटच बरा, आणि पुढेमागे १०२ आलीच तर हाच लागणार. मी म्हणतो, छोटा ट्रॅकर घेतला असता तर हिवाळ्यात दोनाऐवजी पाच-सहा वेळा मांडूला गेलो असतो, आणि वाचलेल्या पैशांत फ्लॅटनर पहिल्या दिवशी आला असता. मी लावून धरलेला माउंट मीच नाकारतोय याची दादाला गंमत वाटते. खरं सांगायचं तर मी माउंट निवडला तो कारखान्यात बसून, गच्चीवर उभं राहून नाही. किती किलो पेलेल हे विचारलं. कुठे ठेवणार, कोण उचलणार, किती वाजता उचलणार, आणि त्या आकाशात एक्स्पोजर किती लांब जाऊ शकेल, हे विचारलं नाही. शेवटचा प्रश्न तर ऑर्डरच्या आधी साध्या कॅमेऱ्यानेही तपासता आला असता: शहराच्या आकाशाचा ४५ सेकंदांचा फोटो साध्या ट्रायपॉडवर घ्यायचा, रेघा येऊ द्यायच्या, आणि पार्श्वभूमी किती उजळली एवढंच बघायचं. त्यासाठी दोन मिनिटं पुरली असती आणि एक पैसाही लागला नसता.

आणि शरबतीची दहा किलोची थैली खांद्यावर घेऊन एकदा गच्चीपर्यंत जाऊन यायचं. दोनदा.

पावसाने गेरूचे टिपके धुऊन नेले. ऑक्टोबरात दादाने त्याच जागी छिन्नीने तीन बारीक खळगे पाडले. वहिनींना फरशीचं वाईट वाटलं, पण खळगे त्यांनीच सुतळीने मोजून दिले. १०२चं कोटेशन अजून दादाच्या गल्ल्यात आहे. त्याच्या मागच्या बाजूवर आता किराण्याची यादी आहे, आणि तिच्यात सगळ्यात वर लिहिलंय: शरबती, पाच-पाच किलोच्या दोन थैल्या.